देवापुढचं दंव

त्सुने-बा, म्हणजे त्सुनेआजी, कशी बाई आहे असं उशिरोदानीत कोणालाही विचारा, पहिलं उत्तर येईल, "गप्प." दुसरं येईल, "टोफू मात्र तिच्यासारखा कोणाला जमला नाही." अठ्ठ्याहत्तर वर्षांत यापलीकडे तिच्याबद्दल काही बोलायची वेळच कोणावर आली नव्हती. अशी माणसं असतात. त्यांच्यावाचून काही अडत नाही असं आपल्याला वाटत राहतं, आणि एक दिवस ती पडशानं अंथरुणाला खिळली की अख्ख्या वाडीचं घोडं अडतं.

वाडी म्हणजे तरी काय हो! डोंगराच्या पाठीला चिकटलेली तेवीस घरं, त्यातल्या सातांत चूल पेटते. माणसं अकरा. सगळ्यात तरुण तेइजी, तो अडुसष्टचा, म्हणून तोच वाडीचा प्रमुख. दुसरं कारण काही नाही. नकार द्यायला तो बैठकीला उशिरा पोचला, एवढंच.

त्सुनेनं पन्नास वर्षं टोफू केला. पहाटे चारला उठायचं, भिजलेलं सोयाबीन दळायचं, दूध उकळायचं, मिठागराचं कडू पाणी घालून ते विरजल्यासारखं जमवायचं, आणि उजाडायच्या आत पाठीवर लाकडी पेटी बांधून खिंडीपलीकडच्या तीन वाड्यांत विकून यायचं. नवरा र्‍योसाकू गेला, मुलगा आधीच दूर कारखान्यात नोकरीला लागला होता, खिंडीपलीकडच्या वाड्या एकेक करून ओस पडल्या. घ्यायलाच कोणी उरलं नाही तेव्हा बाहत्तराव्या वर्षी तिनं भट्टी विझवली. पण शरीराला कोण सांगणार? ते चारला जागं व्हायचंच.

मग ती तशीच पडून राहायची. तो तास तिला फार आवडायचा. नदीवरचं धुकं दाराच्या फटींतून आत यायचं आणि त्या धुक्यात गेलेली-राहिलेली सगळी माणसं एकमेकांत मिसळून जायची. र्‍योसाकू अंगणात खोकायचा. आई भाताच्या हंड्यावरचं झाकण सारखं करायची. थोरली बहीण मात्सुयो, आठ वर्षांची, दोन वेण्या घातलेली, खिडकीखालून हाक मारायची, "त्सुने! चल ना ग, लवकर!" मात्सुयो तर चांगली जिवंत होती, बसनं दोन तासांवर समुद्राकाठच्या शहरात राहत होती. पण त्या तासाला जिवंत आणि मेलेलं असला भेदभाव नसायचा. बाई भ्रमिष्ट नव्हती, बरं का. उठून तोंड धुतलं की तिला सगळं नीट कळायचं.

आणि गेली तीन वर्षं त्या तासात देवही असायचा, कारण देव तिच्या टोफूच्या कारखान्यातच राहायला होता.

झालं असं. तीन वर्षांपूर्वीच्या वादळात देवळामागचा मोठा देवदार छपरावर आडवा झाला. तसं देऊळ त्याआधीच निम्मं मेलेलं होतं. पायऱ्यांवर शेवाळ, गाभाऱ्याच्या भिंतीत रानडुकरानं केलेलं भगदाड, घंटेचा दोर कुजून खाली पडलेला. सणाला आम्ही खालूनच हात जोडायचो, गुडघ्यांचं निमित्त सांगून. गुरव धुळीतून देवाची पेटी काढून पांढऱ्या कापडात गुंडाळून खाली घेऊन आला. आत काय आहे ते आम्ही विचारत नाही. कोणी कधी पाहिलेलं नाही आणि पाहायचंही नसतं.

हा गुरव म्हणजे सासाओका, चाळिशीतला सज्जन माणूस. तेवीस वाड्यांचे देव याच्या एकट्याच्या गळ्यात. छोट्या टेम्पोत झगे, शंखासारखी काळी टोपी आणि डबा घेऊन डोंगर तुडवत असतो. त्यानं वाडीच्या सभागृहात सगळ्यांना बसवून एक कागद पुढं केला.

"छप्पर बांधायची ताकद कोणात आहे, सांगा. इथं सही करा. देवाला खालच्या मोठ्या देवळात नेऊ. तिथं नऊ वाड्यांचे देव आधीच आहेत."

"म्हणजे वृद्धाश्रमात!" फुसा म्हणाली. फुसा त्सुनेची शेजारीण, दोन वर्षांनी लहान, आणि जीभ अशी की विळीला धार लावायला द्यावी. आम्ही हसलो. मग कोणालाच हसू येईना, कारण त्या खोलीतल्या अकराही जणांची पोरं आपापल्या आईबापाला तेच सुचवत होती.

तेइजीनं लेखणी उचलली. तेवढ्यात मागच्या कोपऱ्यातून आवाज आला, "माझा कारखाना रिकामा आहे."

सगळ्या माना वळल्या. सभेत त्सुने बोलली होती! जन्मात पहिल्यांदा.

"फरशी दगडाची आहे," ती खाली बघत म्हणाली. "वाहतं पाणी आहे. छप्पर होईपर्यंत देव तिथं राहील."

"आणि देवाला काय, भिजलेल्या सोयाबीनचा वास देणार?" फुसा म्हणाली.

"वास गेलाय आता."

"काही गेला नाही. तुझ्या अंगाला अजून येतो."

"मग तू लांब बस," त्सुने म्हणाली. एवढं बोलून तिचे कान लाल झाले आणि ती उठून घरी गेली. तेइजीनं लेखणी खाली ठेवली ती ठेवलीच.

घरी जाऊन तिनं मात्सुयोला फोन लावला. "ताई, मी सभेत काहीतरी बोलून बसले."

"तू? बोललीस? थांब थांब, मला आधी खुर्ची घेऊ दे." सगळं ऐकून घेतल्यावर मात्सुयो फोनमध्ये इतक्या जोरात ओरडली की त्सुनेनं तो कानापासून लांब धरला. "शाब्बास! आता माघार घेशील तर बघ. तिथं येऊन झिंज्या उपटीन!"

मात्सुयो अशीच होती. एकोणिसाव्या वर्षी समुद्राकाठी लग्न होऊन गेली, पण दर महिन्याला बसच्या वाहकाबरोबर मिठागराच्या कडू पाण्याची बरणी धाकट्या बहिणीला पाठवत राहिली, पन्नास वर्षं, एकदाही खाडा नाही. बरणीला चिठ्ठी बांधलेली असायची आणि चिठ्ठीत नेहमी शिव्या.

तर मग छप्पर. कौलं आणायची कुठून? आमच्याकडं लाल चकाकती कौलं असतात, बर्फाला दाद न देणारी. नवी घ्यायची ऐपत नव्हती. तेव्हा तेइजीलाच सुचलं (दर दहा वर्षांनी त्याला एखादी गोष्ट सुचते) की सोळा रिकामी घरं पडून आहेत, त्यांच्या डोक्यावर आहेतच की कौलं. शहरांत गेलेल्या लोकांना फोन केले. कोणी नाही म्हटलं नाही. एक जण तर फोनवर रडला म्हणे, "आमच्या घराचं काहीतरी देवाच्या उपयोगी पडतंय," म्हणून.

पलीकडच्या खोऱ्यातल्या सुतारानं वासे चढवले. आम्ही म्हाताऱ्यांनी रांग करून एकेक कौल हातोहात उतरवलं. त्सुनेचं काम धुण्याचं. टोफूच्या लाकडी पिपांत पाणी भरून ती वाकून कौलावरचं शेवाळ काथ्यानं घासायची, दिवसभर. कोणतं कौल कोणत्या घरचं ते तिला हाताला कळायचं. ह्या घरी लग्नाला टोफू नेला होता, त्या घरी मयताच्या जेवणाला. घासता घासता डोळे मिटायचे आणि त्या घरांतले आवाज कानाशी यायचे: कोणी पोराला रागावतंय, कोणी भाताची फोलपटं पाखडतंय, कोणी वाऱ्याची लय धरून भाताची गाणी गुणगुणतंय. मागं पांढऱ्या पडद्याआड देव असायचा. ती त्याच्याशी पुटपुटत राहायची, पाणी गार आहे, आज फुसाची कंबर धरलीय, असलं काहीबाही. देव ऐकायचा. तिला तसं वाटायचं आणि मलाही तसंच वाटतं. ऐकून घेणाऱ्याला दुसरं काम काय होतं?

दुसऱ्या वसंतात मात्सुयो काठी टेकत बसनं आली. दिवसभर उलट्या खोक्यावर बसून तिनं सगळ्यांना फैलावर घेतलं. "फुसा, नवरी होऊन आलीस तेव्हा तरी याहून भरभर चालत होतीस! सुतारबुवा, तो वासा तिरका आहे की मी?" वासा खरंच बोटभर तिरका निघाला. संध्याकाळी ती एकटीच कारखान्यात जाऊन देवासमोर बसली, आणि बाहेर येऊन म्हणाली, "देव बरा आहे. तूच वाळलीस."

यंदाच्या उन्हाळ्यात तीच अंथरुणाला खिळली. पोटात गाठ होती, आणि आता कापाकापीत अर्थ नव्हता. भाताला कणसं आली तेव्हा त्सुने इस्पितळात भेटायला गेली. मात्सुयो उशीवर अगदी एवढीशी दिसत होती. फक्त तोंड तेवढं पूर्वीचं होतं.

"तारीख ठरली का देवाची?" तिनं विचारलं.

ठरली होती. दहाव्या महिन्यातला शेवटचा रविवार. खरं तर देवाला हलवायचं ते मिट्ट काळोखात, पण आमच्यातल्या निम्म्यांना संध्याकाळनंतर पायरी दिसत नाही. गुरव म्हणाला, मग पहाटे, धुकं असताना. देव डोळे मिटून घेईल.

"आणि पुढं कोण चालणार?"

त्सुने लाजली. देव ज्या घरी उतरतो त्या घरचं माणूस परतीला देवाच्या पुढं चालतं, हातात बांबूची लांब छडी घेऊन, वाटेच्या दोन्ही अंगच्या गवतावरचं दंव झाडत. देवाच्या वस्त्राला ओल लागू नये म्हणून. तिच्या आजोबांनी हे काम केलेलं होतं, फार पूर्वी. घरात त्याची गोष्ट इतक्या वेळा सांगितली जायची की लहानपणी या दोघी बहिणी उशीच्या अभ्र्यात दगड गुंडाळून देव-देव खेळायच्या आणि दंव झाडायला कोण यावरून मारामारी व्हायची. थोरली म्हणून दरवेळी मात्सुयो जिंकायची.

"मी," त्सुने म्हणाली.

मात्सुयोनं तिला खुणेनं जवळ बोलावलं. मग म्हणाली, "ऐक. मी त्याच्या आधी मेले तर फोन उचलू नकोस."

"काय बोलतेस हे!"

"खरं तेच बोलते. कानावर पडलं की सुतक लागतं. वीस दिवस देवळाच्या कमानीखालून जाता येत नाही, ठाऊक नाही का तुला? देव तुझ्या घरात, म्हणजे देवही अडकला. गुरवाला पुढची तारीख वसंताशिवाय मिळायची नाही, आणि तुमच्या त्या अकरा मढ्यांतली किती वसंत बघणार?"

"तुझी जीभ झडो, ताई!"

"झडेल ग लवकरच," मात्सुयो म्हणाली आणि हसली. हसताना दुखलं तशी तिनं त्सुनेचं मनगट घट्ट धरलं. "तीन वर्षं राबलीस. माझ्या पायी वाया घालवू नकोस. जन्मभर सगळ्यांच्या मागं चाललीस, एकदा पुढं चाल."

त्सुनेनं तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि निघाली. बसमध्ये मात्र दोन तास रडली. समोरच्या सीटवरची बाई तिला पेपरमिंटची गोळी देऊन गेली.

त्यानंतर फोन वाजला की ती धावत जाऊन पहिल्याच घंटीला उचलायची. ताईनं बजावलं होतं उचलू नकोस, आणि ही बाई उचलायची! भाचा मिचिहारु रोज संध्याकाळी सांगायचा, "आज दोन घास पेज घेतली." "आज तुझी आठवण काढली, म्हणजे शिव्या दिल्या." त्सुनेच्या जिवात जीव यायचा आणि ती देवाला जाऊन सांगायची, "आहे बरं का. अजून आहे."

शुक्रवारी फोन आला नाही.

शनिवारी सकाळी तेइजी आला, मान खाली घालून. "फोनची तार बघायला आलोय, त्सुने-बा. सगळ्या वाडीचीच खराब झालीय." त्यानं यंत्र काढलं आणि काखोटीला मारून घेऊन गेला. तार बघायला यंत्र कशाला न्यावं लागतं हे विचारायचं त्सुनेला सुचलं नाही. ती देवापुढच्या तांदळातले खडे निवडत होती, उद्या पहाटे देव जाणार म्हणून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तीन वर्षांची सोबत. उद्यापासून कारखाना पुन्हा नुसता कारखाना होणार. फोन बिघडलाय म्हणूनच काल आला नाही, असं तिनं मनाशी म्हटलं आणि तिला बरंसुद्धा वाटलं.

रविवारी पहाटे धुकं असं दाटलं होतं की अंगणातलं पर्सिमनचं झाड दिसत नव्हतं, नुसती नारिंगी फळं हवेत टांगलेली दिसत होती. आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत कारखान्यापाशी जमलो. अकरा म्हातारी भुतंच. एरवी फुसानं तेच म्हटलं असतं.

फुसा त्सुनेला कमरपट्टा बांधायला पुढं झाली. तिनं गाठ मारली, मग सोडली, पुन्हा मारली. आणि म्हणाली, "छान दिसतेस ग त्सुने."

त्सुने तिच्याकडं बघतच राहिली. साठ वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेली फुसा. लग्नाच्या दिवशी हिला "टोफूला किमोनो नेसवला तशी दिसतेस" म्हणाली होती, र्‍योसाकूच्या अंत्ययात्रेतसुद्धा तिच्या वाकड्या केसांवरून बोलली होती. ती म्हणते, छान दिसतेस!

त्सुनेनं तेइजीकडं बघितलं. तेइजी आपल्या चपलेच्या बंदाशी खेळत होता. पलीकडचा म्हातारा उगाचच तिच्या पाठीवरून हात फिरवून गेला. कोणीतरी तिला बसायला खुर्ची आणली. आमच्या वाडीत कोणी कोणाला खुर्ची देत नाही. मिचिहारुनं तेइजीला कळवल्यापासून आम्ही सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती, पण चेहऱ्याला कोण गुळणी धरायला लावणार? शहाणपणा करायला गेलो आणि नको तेवढे गोड वागून बसलो.

तिला कळलं. कोणी सांगितलं नाही, तरी कळलं. मी तिच्यापासून चार हातांवर होतो, मला तिचा चेहरा दिसला. काही हललं नाही त्यावर. फक्त तिनं एकदा तोंड उघडलं, विचारावं तसं. पण तेवढ्यात गुरवानं प्रत्येकाच्या हातात साकाकी या देवाच्या झाडाचं एकेक हिरवं पान दिलं. ते ओठांत धरायचं. देव जागेवर बसेपर्यंत शब्द काढायचा नाही. आपला श्वासही देवावर पडता कामा नये.

तिनं पान ओठांत धरलं.

गुरवानं पेटी छातीशी घेतली. चौघांनी चार काठ्यांवर पांढरा पडदा त्याच्याभोवती धरला, म्हणजे आत देव आणि गुरव, बाहेर आपण. आणि त्सुने छडी घेऊन पुढं निघाली.

त्या चालण्याबद्दल तिनं नंतर सांगितलं तेवढंच मला माहीत. पाय जमिनीला लागत नव्हते म्हणाली. छडी डावीकडं फिरायची, दंवाचे थेंब उडायचे, छडी उजवीकडं, पुन्हा थेंब. धुक्यात पुढं दोन वेण्यांची एक पोरगी चालत होती आणि मागं वळून बघत नव्हती. तिच्याही हातात छडी होती. गवत आधीच कोणीतरी झाडून गेल्यासारखं कोरडं लागत होतं, तरी त्सुने झाडत होती. ओस घरं एकेक करून बाजूनं गेली, बोडक्या डोक्यांची, आणि प्रत्येक दारात कोणीतरी उभं होतं. र्‍योसाकू होता. आई होती. आपण झोपेत आहोत आणि आता आई उठवील, असं तिला वाटत होतं. किती वेळ चालली कोण जाणे. वाट तीनशे पावलांची आहे.

मग धुक्यातून कमान वर आली. नव्या लाकडाची, अजून राळेचा वास येणारी. कमानीमागं पायऱ्या, आणि पायऱ्यांवर लाल छप्पर, ओलं, चकाकतं. वेण्यांची पोरगी कमानीखालून गेली नाही. ती कमानीशी आली आणि विरली.

त्सुने थांबली.

मागं पडदा थांबला. आम्ही सगळे थांबलो. तेइजी पान ओठांत धरून मागून हातानं खुणा करत होता, चल, चल. फुसा डोळे मोठे करून मान हलवत होती. एक पाऊल टाक, बाई! तीन वर्षांचे कष्ट त्या एका पावलापलीकडं आहेत. तुला कोणी काही सांगितलेलं नाही. तुझ्या कानावर काही पडलेलं नाही. तुला सुतक नाही! आम्ही सगळे ओरडत होतो, पण आवाज कोणाचा निघत नव्हता.

त्सुने वाटेच्या कडेला झाली. छडी तिनं दोन्ही हातांनी तेइजीपुढं धरली. तो घेईना, तर त्याच्या छातीशी टेकवली. मग ओठांतलं पान काढलं. देवासमोर, भर वाटेत, तिनं पान काढलं.

"ताई गेली ना?" ती म्हणाली.

कोण काय बोलणार? सगळ्यांच्या तोंडात पान.

"मला कळलंय," ती म्हणाली. आवाज हळू होता, पण धुक्यात लांबवर गेला असेल. "ती म्हणाली होती, पुढं चाल. इथवर चालले. आता इथून आत गेले तर ताई मेलीच नाही असं होईल. मी तसं नाही करणार. देवा, तुला तीन वर्षं दिली. पोटच्या पोरासारखं सांभाळलं तुला. माझ्या ताईला वीस दिवस तरी देऊ दे."

आणि ती वाटेच्या बाजूला ओल्या गवतात, कमानीच्या बाहेर, गुडघे टेकून बसली.

आता देवाची पेटी हातात असताना गुरव कोणापुढं वाकत नाही. राजा आला तरी नाही. तो वाकला तर देव वाकतो, म्हणून. हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. पण तो पांढरा पडदा हळूच पुढं झुकला. काठ्या धरणारे चौघे आधी गडबडले, मग त्यांनीही काठ्या खाली केल्या. पडद्याची झालर ओल्या गवताला टेकली, तिच्या गुडघ्यांपाशी, आणि तशीच टेकून राहिली. मग पडदा सरळ झाला.

तेइजीनं छडी घेतली आणि पुढं गेला, दंव झाडत, रडत. आम्ही त्याच्या मागून कमानीखालून आत गेलो. बाहेर त्सुने मोठमोठ्यानं रडायला लागली, "ताई! ए ताई ग!" अशी, आठ-दहा वर्षांच्या पोरीनं रडावं तशी. गाभाऱ्याचं दार उघडलं, देव आत बसला, दार लागलं, आणि या सगळ्या वेळात तिचं रडणं पायऱ्या चढून वर येत होतं. देव बसताना शब्द निघू नये असा नियम आहे. तिला गप्प करायला कोणी बाहेर गेलं नाही.